बीट (गाण्याचा ठेका) बनवायला शिकायचं तर एमपीसीसारखं, म्हणजे पॅडवर बोटं मारून ठेका रचायचं यंत्र घ्यावं की लॅपटॉपवरच सुरुवात करावी?

तुम्ही परभणीचे, घरात 8 जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, चुलतभाऊ बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो आणि पैसे साठवून एमपीसी घ्यायचं मनात आहे. आत्ता घेऊ नका.

एमपीसीची खरी मजा तिच्या 16 पॅडमध्ये आहे. हातानं वाजवलेला ठेका माउसनं मांडलेल्या ठोक्यांसारखा ताठ वाटत नाही. पण पॅड तुमच्या घरात आहेतच की! जुन्या ऑक्टोपॅडच्या मागे पाच पिनांचं गोल मिडी आउट असतं (मिडी म्हणजे कोणतं पॅड किती जोरात मारलं हे सांगणारा संकेत, आवाज नव्हे). ते यूएसबी-मिडी केबलनं लॅपटॉपला जोडा. बऱ्याच केबलींवर 'इन' लिहिलेलं टोक ऑक्टोपॅडच्या 'आउट'मध्ये जातं. उलटं लावून केबल खराब म्हणत परत करणारे पुष्कळ आहेत. कोणत्या पॅडला कोणता आवाज हे नोटच्या आकड्यावर ठरतं: किकच्या (मोठ्या ड्रमच्या) पॅडला नोट 36, स्नेअरच्या (कडक आवाजाच्या ड्रमच्या) पॅडला 38 द्या. ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

पॅड मारल्यावर आवाज उशिरा आला तर लॅपटॉपला दोष देण्याआधी ऑडिओ ड्रायव्हर (आवाज हाताळणारा प्रोग्राम) बघा. विंडोजचा साधा सोडून एसिओ (ASIO) हा कमी उशिराचा ड्रायव्हर निवडा (एसिओ4ऑल फुकट आहे) आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने, 256 ठेवा. 44.1 किलोहर्ट्झला हा उशीर साधारण 6 मिलिसेकंद, हाताला जाणवत नाही. आवाज तडतडला तर 512 करा. हेडफोन मात्र वायरचाच. ब्लूटूथवर ठेका जुळणारच नाही.

ठेका रचायचं सॉफ्टवेअर म्हणून फुकटचं वेव्हफॉर्म फ्री पुरेसं आहे. एफएल स्टुडिओ हे विकतचं सॉफ्टवेअर शिकायला सोपं, पण ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्स घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणून उठण्याआधी वेव्ह (आवाजाची) फाइल काढून ठेवा. पेनड्राइव्हवर फिरणारं क्रॅक घेऊ नका, व्हायरस फुकट मिळतो.

आवाज विकतचे कशाला, हलगी आहे ना. मोबाइलवर रेकॉर्ड करा, खोलीत गोधड्या टांगा. हलगी शेकल्यावर लगेच सगळे ठोके घ्या: मधला, कडेचा, हलका, जोरात, प्रत्येकी चार-पाच. कातडं थंड झालं की सूर उतरतो, अर्धे ठोके नंतर घेतले तर जुळत नाहीत. मग प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची शांतता पूर्ण कापा. 20 मिलिसेकंद जरी राहिली तरी ठेका कायम मागं पडतो. सहा मात्रांचा ठेका असेल तर पॅटर्न (सॉफ्टवेअरमधली ठेक्याची एक फेरी) 16 ऐवजी 12 चौकटींचा ठेवा, नाहीतर सम (पहिली मात्रा) दर फेरीला सरकत जाईल.

यंत्र घ्यायचं ते पुढे स्टेजवर लॅपटॉप नको वाटला तर. तेव्हा बॅटरीवर चालणारं बघा. अॅडॉप्टरवाल्यात लाइट गेली की सेव्ह न केलेला पॅटर्न गेला.