मुलाचं इंजेक्शन, एफडी आणि एप्रिलमधला राजीनामा

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा, वजन 27 किलो. दीड वर्षापासून क्रोन्स (आतड्याला सतत सूज येण्याचा आजार) आहे. स्टेरॉइड कमी केलं की पुन्हा पोट दुखतं, रक्त पडतं. डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅबचं इंजेक्शन सुरू करायला सांगतात. एका वेळेचे 45 हजार: औषधाच्या दोन व्हायलचे (कुप्यांचे) 38, बाकी दिवसभराच्या ॲडमिशनचे. सासरचे म्हणतात, अजून वर्षभर गोळ्यांवर काढा. शिक्षणासाठी 6 लाखांची एफडी आहे, महिन्याला 15 हजार शिल्लक पडतात, एक प्लॉट आहे. एफडी मोडू की प्लॉट विकू? मिस्टर एप्रिलमध्ये नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकणार आहेत. (सांगलीहून एक आई)

उत्तर: ताई, तुम्ही पाठवलेला दाराच्या चौकटीचा फोटो मी बराच वेळ पाहिला. पेन्सिलीच्या खुणा वर चढत येतात आणि शेवटच्या तीन जवळपास एकाच रेषेवर आहेत. औषध कोणतं हे डॉक्टरच ठरवतील. शंका असेल तर मुलांच्या पोटविकाराच्या दुसऱ्या तज्ज्ञांना आत्ताच दाखवून घ्या. पण ‘वर्षभर गोळ्या’ हा स्वस्तातला मार्ग आहे असं मला वाटत नाही. आजारानेही वाढ खुंटते, लांबलेल्या स्टेरॉइडनेही, आणि उंची वाढायची वर्षं पुढे भरून मिळत नाहीत.

आता हिशोब. इंजेक्शन सुरुवातीला 0, 2 आणि 6 व्या आठवड्याला, मग दर 8 आठवड्यांनी. पहिल्या वर्षी 8 वेळा, म्हणजे 3 लाख 60 हजार. डोस वजनावर असतो, साधारण किलोला 5 मिलिग्रॅम, आणि व्हायल 100 मिलिग्रॅमची. 40 किलोपर्यंत दोन पुरतात, पुढे तिसरी लागते. डॉक्टरांनी डोस वाढवला तर त्याआधीही लागेल. म्हणजे पोर सुधारेल तसा खर्च वाढणार! म्हणून दुसरं वर्ष तिसऱ्या व्हायलचे 19 हजार मिळवून 64 हजारांनी धरा: 7 वेळांचे 4 लाख 48 हजार.

एफडीतले 3 लाख 60 हजार वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. उरलेले 2 लाख 40 हजार वर्षाच्या एफडीत. महिन्याचे 15 हजार पडत राहिले, तर विम्याने एक पैसा दिला नाही तरी दोन वर्षं निघतात. प्लॉट घाईत विकून भाव पाडून घेऊ नका. पैसे वेळेवर असणं इथे फार महत्त्वाचं आहे. या औषधात मोठा खंड पडला तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तेच औषध पुढे लागू पडेनासं होऊ शकतं.

म्हणूनच पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेला एप्रिल मला सगळ्यात जास्त खटकला. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आधीचा आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरतात. नोकरी सुटली की स्वतःची नवी पॉलिसी, आणि तिथे आधीच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. विमा कंपनी पॉलिसी नाकारूही शकते. शिवाय ते 15 हजारही थांबतील. दादांचं स्वप्न मोडा असं मी म्हणत नाही, पण वर्कशॉप दोन वर्षं पुढे न्या, किंवा तुमच्यापैकी एकाची विमा असलेली नोकरी चालू असू द्या.

एचआरला आजच ईमेल करा, तोंडी नको. मुलगा पॉलिसीत आहे का? 24 तासांपेक्षा कमी ॲडमिशनचं हे इंजेक्शन धरतात का? इन्फ्लिक्सिमॅब ज्या प्रकारात येतं त्या मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या इंजेक्शनला विमा कंपन्या सरसकट नकार देऊ शकत नाहीत, मात्र मर्यादा घालू शकतात, ती किती? नोकरी सोडल्यास त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसी मिळेल का? करात ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर मिळणाऱ्या वजावटीची (80डीडीबी) आशा धरू नका, त्या यादीत हा आजार नाही. औषध कंपनीची रुग्ण सहाय्य योजना आहे का, हे डॉक्टरांच्या असिस्टंटला जरूर विचारा.

ईमेलच्या उत्तरासाठी पहिला डोस मात्र थांबवू नका. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि व्हायलची स्टिकरं एका फायलीत लावा. एचआरचं उत्तर आलं की मला पाठवा, पुढची आकडेमोड आपण मिळून करू.