शेजारणीसाठी नाम घेत विणलेली शाल

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फोंड्याच्या उकाड्यात शाल कोण पांघरणार? आणि केमो चालू असलेल्या शेजारच्या आंटी ख्रिस्ती, मग विठ्ठलाचं नाम घेत विणलेली शाल त्यांना चालेल का?

पहिलं सोपं आहे. केमोच्या दिवशी हाताला सलाईन लावून एसीत तासन्‌तास बसावं लागतं. तिथे मे महिन्यातसुद्धा खांद्यावर काहीतरी हवंसं वाटतं. फक्त जाड लोकर नको.

दुसऱ्याबद्दल थोडं मागे जाते. अशा शाली विणून देण्याची आजची चळवळ 1998 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड सेमिनरीत शिकलेल्या जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया कोल-गालो या दोघींनी सुरू केली. सुरुवात ख्रिस्ती संस्थेतली, पण पुढे वेगवेगळ्या धर्मांच्या बायकांनी ती आपली केली. जॅनेट-व्हिक्टोरियांचा प्रसिद्ध नमुना अगदी साधा: 57 टाके घालायचे, तीन सुलट, तीन उलट, शेवट तीन सुलटांनी, आणि प्रत्येक ओळ तशीच. तीन-तीनचे 19 गट होतात. संख्या विषम, म्हणून परतीची ओळही सुलटानेच सुरू होते. कितवी ओळ चाललीय हे लक्षात ठेवावं लागत नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत. हात आपोआप चालतात आणि तोंडी नाम राहतं. हे विणकाम मला जपाला योग्य वाटतं ते एवढ्यासाठीच. जाळीदार नक्षी घेतलीत तर सगळा वेळ टाके मोजण्यात जाईल.

एक मोह मात्र टाळा. अर्धी माळ म्हणून 54 टाके घालावेसे वाटतील. तेव्हा गट 18 होतात, ओळ उलटावर संपते, परतताना त्यावर सुलट येतात आणि स्वेटरच्या कफासारखी पट्टी तयार होऊन शाल आत ओढली जाते. 108 चंही तेच. माळ हातात घ्यायची तर वेगळी घ्या.

मूळ नमुना जाड लोकर आणि 8 मिमीच्या सुयांसाठी आहे. आपल्याकडे मध्यम जाडीचा कापूस-ॲक्रिलिक मिश्र धागा, 5 मिमीच्या सुया आणि 93 टाके घ्या (31 गट, विषमच). रुंदी साधारण अर्धा मीटर भरेल, लांबी दीड मीटर पुरे. निव्वळ कापूस जड होतो, धुतल्यावर ताणतो, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. मग त्याला जो कुबट वास येतो तो तुम्हाला सांगायला नको. मोहेर (शेळीची केसाळ लोकर) नकोच, त्याचे तंतू नाकातोंडात जातात. झालर नको, सलाईनच्या नळीत अडकते.

वासाचं विशेष सांभाळा. केमोत साध्या वासानेही मळमळतं. विणकामाच्या पिशवीत डांबरगोळ्या नकोत, आणि देवापुढे बसून विणणार असाल तर उदबत्ती त्या वेळी विझवा. देण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा.

आता नाम. सावतोबांची भक्ती मळ्यात चालली, जनाबाईंची जात्यावर. भाजी घेणाऱ्याने किंवा पीठ खाणाऱ्याने त्यासाठी वारकरी व्हावं असं कुणी म्हटलं नाही. नाम तुमच्या हातांसाठी आहे, मन आंटींपाशी राहावं म्हणून. त्यामुळे नाम बदलायची गरज नाही आणि देताना सांगायचीही नाही. त्यांनी आपणहून विचारलं तर सरळ सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. त्या बहुधा त्यांच्या सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, नाव काढतील आणि तुम्ही दोघी चहा प्याल.

‘हिने बरं वाटेल’ असं मात्र म्हणू नका. आजारी माणसाला बरं होण्याचीही जबाबदारी देऊन ठेवल्यासारखं होतं. सोबत चिठ्ठी द्यायची तर त्यात धुण्याची रीत लिहा: गार पाणी, पिळू नये, आडवी वाळवावी. पुढे ती शाल त्यांच्या सोफ्यावर दिसली, नाहीतर मांजराखाली, तरी विषय काढू नका.