फासणे नव्हे, माखणे

प्रश्न असा: ‘हिंबा स्त्रिया अंगाला लाल माती फासतात’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि त्या लेपाचं नाव ‘ओत्जिझे’ असंच लिहायचं का?

वाक्य साफ चूक. मराठी निवेदनांत हे ‘फासतात’ ऐकून ऐकून कान किटले. फासतात ती राख, नाहीतर तोंडाला काळं. आफ्रिकेतल्या नामिबियाच्या वायव्येला, कुनेने भागात राहणारी हिंबा जमातीची बाई रोज अंगाला आणि केसांच्या बटांना जे लावते, तो तिचा साजशृंगार आहे. आणि ती नुसती माती कुठे? लाल दगड कुटून केलेली गेरूची पूड, तुंब्यात दूध हिंदकळवून काढलेलं लोणी, वर ओमुझुम्बा झुडपाचा सुवासिक डिंक. ‘उटणं म्हणा’ हा सल्लाही मला पटत नाही. उटणं चोळून धुऊन टाकतात, हा लेप अंगावर राहतो.

आपल्याकडे नेमका शब्द आहे: माखणे. संस्कृत म्रक्षण म्हणजे तेलतूप अंगाला चोळणं. प्राकृतात त्याचं झालं मक्खण. त्यातूनच हिंदीचं मक्खन, गुजरातीचं माखण आणि आपलं माखणे! लोण्याचा शब्द आणि लेपनाचा शब्द एकाच धातूतून आलेले. मक्खन ‘मंथना’तून आलं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘ख’ कुठून आला तेवढं दाखवावं. ‘क्ष’चा ‘क्ख’ होतो, अक्षीचं अक्खि झालं तसा. ‘न्थ’चा होत नाही. मराठीत लोण्याला नवनीतातून आलेला शब्द मिळाला आणि माखणे बिचारं चिखलाच्या, रक्ताच्या वाट्याला गेलं. पण ‘न्हाऊ-माखू घालणे’ आठवा. पायांवर आडवं घेतलेलं बाळ, आजीच्या तळहातावर कोमट तेल. मूळ अर्थ तिथे अजून जिवंत आहे. माझ्या मते तर ही जोडी हिंबा बाईला आपल्याहून चपखल बसते. पाणी दुर्मिळ, म्हणून तिचं न्हाणं निखाऱ्यांवर टाकलेल्या सुगंधी काड्यांच्या धुराचं, आणि माखणं खरोखरच लोण्याचं.

तेव्हा ‘लोणी-गेरूने अंग माखतात’ असं लिहा.

हो, नाव राहिलंच. ‘ओचिझे’ लिहा. तिथल्या रोमन लिपीत ‘टी-जे’ या जोडीचा उच्चार ‘च’च्या जवळचा आहे. हिंबांच्या बोलीचं नावही म्हणूनच ओचिहिंबा. त्यातलं ‘ओचि’ आणि किस्वाहिलीतलं ‘कि’ हा मुळात बांटू या आफ्रिकी भाषाकुलातला एकच उपसर्ग.