न्यूरोॲनाटॉमीच्या (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रचनेच्या) उजळणीसाठी स्नेलचं पाठ्यपुस्तक घ्यावं की फिक्सचं हाय-यील्ड हे उजळणीचं पुस्तक?

एमबीबीएसचं पहिलं वर्ष आणि परीक्षा तोंडावर, असं तुम्ही लिहिलंय. मग स्नेल आता नव्याने हातात घेऊ नका. पुस्तक उत्तमच आहे, त्यातल्या क्लिनिकल टिपा फार उपयोगी, पण ते वर्षभर सावकाश वाचायचं. वर्गात विश्राम सिंग किंवा इंदरबीर सिंग यांचं पुस्तक वाचलं असेल तर उजळणीही त्यातूनच करा. त्या आकृत्या डोळ्यांत बसलेल्या असतात आणि पेपरात त्याच काढायच्या असतात. फिक्सचं हाय-यील्ड आटोपशीर आहे, पण आधी वाचलेलं असेल तरच कामाचं.

तरी नवं घ्यायचंच असेल, तर दुकानात मेड्युलाचं (मेंदूच्या देठाच्या सर्वांत खालच्या भागाचं) प्रकरण उघडा. लॅटरल मेड्युलरी सिंड्रोममध्ये, म्हणजे मेड्युलाच्या एका कडेचा रक्तपुरवठा तुटल्यावर, वेदना आणि तापमानाची जाणीव चेहऱ्यावर इजेच्याच बाजूची जाते, धड-हातपायांत विरुद्ध बाजूची. ट्रायजेमिनलचं स्पायनल न्यूक्लियस (चेहऱ्याच्या या जाणिवेचं केंद्र) आणि स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट (धड-हातपायांची ही जाणीव वर नेणारा मार्ग) एकाच आडव्या छेदात, रक्तपुरवठ्यासकट दाखवून हे असं का होतं ते पुस्तक समजावत असेल, तर बिनधास्त घ्या. नुसती लक्षणांची यादी असेल तर परत ठेवा. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालेल, फक्त आकृत्या रंगीत आहेत ना ते बघा.