थंडीत फायटर मासा तळाशी बसलाय, काय करू?

प्रश्न : दादा, परभणीहून लिहितेय. दिवाळीत पोरीसाठी निळा फायटर मासा आणला, काचेच्या बाऊलमध्ये ठेवलाय, दोन-अडीच लिटर पाणी मावत असेल. आता आठवडा झाला तो तळाशीच बसून असतो, शेपटीच्या कडा काळ्या पडून झिजल्यात, दाणा टाकला तरी बघत नाही. नळ रोज येत नाही म्हणून ड्रममधलं पाणी वापरतो, रविवारी बाऊल धुऊन सगळं पाणी बदलते. दुकानदारानं निळं औषध दिलंय, शेजारचे म्हणतात आरओचं पाणी घाला, भाऊ म्हणतो टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाक. नेमकं कुणाचं ऐकू? पोरगी शाळेतून आली की दप्तर सुद्धा न काढता बाऊलपाशी जाऊन बसते.

उत्तर : ताई, सध्या कुणाचंच नका ऐकू. औषधं सगळी बाजूला ठेवा, त्याला आधी ऊब पाहिजे आणि स्वच्छ पाणी पाहिजे. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरातल्या उथळ कोमट पाण्यातला, त्याला २५ ते २८ डिग्री पाणी लागतं आणि आपल्या परभणीत थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली सुद्धा जातो, मग एवढ्याशा बाऊलचं पाणी रात्रीतून किती गार पडत असेल. गारठला की तो हलत नाही, खाल्लेलं पचत नाही, रोगाशी लढायची ताकद जाते आणि शेपटी सडायला लागते.

दुसरं म्हणजे अमोनिया. विष्ठा आणि उरलेला दाणा सडून तो तयार होतो, पाणी वरून नितळ दिसतं पण कल्ले आणि शेपटी आतून पोळत असते. फायटरला छोटा बाऊल चालतो असं दुकानात सांगतात कारण तो वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, पण त्यानं श्वासाचा प्रश्न सुटतो, घाणीचा नाही सुटत हो.

आजच दहा-पंधरा लिटरचा टब घ्या, साबण न लावता धुवा, २५ वॅटचा छोटा हीटर आणि थर्मामीटर आणा. हातावर विसंबू नका, २६ डिग्रीचं पाणी हाताला कोमट नाही, किंचित गारच लागतं. गारठलेल्या माशाला एकदम उबेत टाकू नका, तासाला एखादी डिग्री अशा बेतानं पाणी चढवा. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढायचा, हे पोरीलाही सांगून ठेवा. रात्री लाईट गेली तर टबाला बाजूनं घोंगडी गुंडाळा, वर झाकण ठेवा पण फट राहू द्या.

रोज पाव हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. ड्रमचं पाणी चालेल, टबाइतकं कोमट करून घाला. नळाचं किंवा टँकरचं ताजं असेल तर त्यात क्लोरीन असतं, उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका. नुसतं आरओचं नको, त्यात क्षार उरलेले नसतात.

साधं खडे मीठ चार लिटरला एक छोटा चमचा, आधी मगमध्ये विरघळवून मग टबात. मीठ उडून जात नाही, म्हणून जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच नवीन घाला, आणि आठ-दहा दिवसांनी बंद करा. कॅप्सूल बिलकुल नको, बिनडोसाचं अँटिबायोटिक पाण्यातले चांगले जिवाणूही मारतं. देशी बदामाचं वाळून गळालेलं पान धुऊन टाकलं तर चांगलं, पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. पण ते औषध नाही, आधार आहे.

खात नाही तोवर दाणा टाकू नका, दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. वर यायला लागला की दोन दाणे सकाळी, दोन संध्याकाळी, उरलेला लगेच काढा. शेपटीच्या कडेला पातळ पारदर्शक पडद्यासारखी किनार दिसली की समजा नवी शेपटी येतेय, ती सड समजून परत औषध टाकू नका.

एक मात्र रोज वरून बघा, पोट फुगून खवले उभे राहिलेले दिसले तर ते दुखणं अवघड आहे, त्यातनं फार कमी मासे वाचतात, पोरीला तसं आधीच समजावून सांगा. आठवड्याभरात सड वाढतच गेली तर उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे आणि परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेपटीचा जवळून काढलेला फोटो आणि पाण्याचं तापमान लिहून घेऊन तिथं विचारा.