मुलीला बीजगणिताचं उत्तर येतं, पण ‘कसं आलं’ ते सांगता येत नाही. तिला समजलंय असं मानावं का?

नुसत्या बरोबर उत्तरावरून तसं मानू नका. पण सांगता येत नाही म्हणजे समजलंच नाही, असंही नसतं. मी या वयाच्या मुलांना बीजगणित शिकवतो. घडाघडा सांगणारी मुलंच मला जास्त चकवतात.

३क्ष + ५ = १७ घ्या. मुलगा म्हणतो, “पाच तिकडे नेले, वजा झाले. ३क्ष = १२.” ठीक. पुढे म्हणतो, “आता तीन तिकडे नेले, वजा झाले. क्ष = ९.” यात त्याचा निष्काळजीपणा नाही. कानावर पडलेला नियम त्याने इमानेइतबारे पाळलाय. ‘तिकडे नेले’ म्हणताना दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, ही मूळ गोष्टच गळून पडते. मग गुणलेल्या ३ ने दोन्ही बाजूंना भागायचं, हे त्याला कुठून सुचणार? क्षच्या जागी ९ ठेवायला सांगा. डावी बाजू ३२ होते आणि तो स्वतःच अडखळतो.

बरोबरच्या चिन्हाचंही तसंच. ८ + ४ = □ + ५ दिलं की बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात, काही १७. त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘दोन्ही बाजू सारख्या’ नव्हे, तर ‘आता उत्तर लिहा’. वहीत १७ − ५ = १२ ÷ ३ = ४ अशी आगगाडी दिसली तर गोंधळ तिथेच आहे. (मोठी माणसंही सर्रास असं लिहितात.)

याच्या उलटही घडतं. विचार बरोबर, लिहिणं चूक. १९८१ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, ‘व’ ही विद्यार्थ्यांची आणि ‘प’ ही प्राध्यापकांची संख्या, तर समीकरण लिहा. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांचं चुकलं, आणि नेहमीची चूक म्हणजे व = ६प ऐवजी ६व = प. विद्यार्थी जास्त आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण ‘व’ म्हणजे संख्या हे सुटून तो नुसता ‘विद्यार्थी’चा शिक्का झाला, आणि ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे जसंच्या तसं कागदावर उतरलं.

तुमच्या मुलीबद्दल आधी एक तपासा. ‘कसं आलं?’ हा प्रश्न मुलांना बहुतेक वेळा उत्तर चुकल्यावरच ऐकायला मिळतो. त्यामुळे तो कानावर पडला की गप्प बसतात, काही जण तर बरोबर उत्तरही खोडतात. तेव्हा बरोबर आलेल्या गणितावरही विचारा, आणि ‘बरोबर आहे, पण मला बघायचंय’ हे आधीच सांगून टाका. ‘का?’ म्हणण्याऐवजी एकेका ओळीवर बोट ठेवून “ही ओळ काय म्हणते?” असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. मधे बोलू नका. शब्द सापडत नसतील तर क्षची किंमत घालून दोन्ही बाजू जुळतात का ते दाखवू दे. आणि ३क्ष + ५ = क्ष + १७ सारखं, दोन्हीकडे क्ष असलेलं एखादं द्या. पाठ केलेल्या पायऱ्या आणि समज यांतला फरक तिथे बऱ्याचदा दिसतो.