घरात आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड आहे. तसंच दुसरं घेऊन दोन लावू, की आहे ते विकून एकच मोठं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की 1440पीचा, म्हणजे जास्त पिक्सेलचा मॉनिटर घेतलाय, 3060 कमी पडतंय आणि ओळखीतलं कोणीतरी तसंच दुसरं कार्ड स्वस्तात देतंय. घेऊ नका. 3060 ला दोन कार्डं जोडायची सोयच नाही. त्या मालिकेत ती फक्त 3090 आणि 3090 टीआयला होती. दुसरं कार्ड बोर्डात बसेल, पंखे फिरतील, विंडोजला दिसेलही, पण गेम त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ‘दोन कार्डं म्हणजे दुप्पट जोर’ हे मी आमच्याच घरात इतकं ऐकलंय की आता सविस्तर सांगतो.

आम्ही इंदूरचे, सुदामा नगरातले. 2015 साली धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला होता आणि शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत पीसी असेंबल करणार होता. मी त्याला सांगितलं होतं, एकच जीटीएक्स 970 कार्ड घे, त्यासाठी थांबावं लागलं तरी चालेल. गणपतीला पुण्याहून ताई आणि भावोजी आले. भावोजी इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. पानावर बसल्या बसल्या त्यांनी निकाल दिला, "आत्ता स्वस्तातलं 960 घे, दिवाळीत दुसरं लाव. 970 च्या पुढे जाशील. एका बैलाने कोणी नांगरतं का?" शिवाय 970 च्या 4 जीबी मेमरीतला शेवटचा अर्धा जीबी संथ आहे, हे त्याच जानेवारीत उघड झालं होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, 970 चे साडेतीन तरी 960 च्या दोनपेक्षा जास्तच ना? आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत.

खर्च तिथूनच वाढायला लागला. जेल रोडच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिया, एसएलआई चाहिए तो बोर्ड दूसरा लगेगा." एसएलआय म्हणजे एनव्हिडियाची दोन कार्डं जोडून चालवायची सोय. स्वस्त बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसतो, पण त्याला चारच लेन, म्हणजे माहिती वाहायच्या वाटा, असतात आणि एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लागतात. मग महागडा बोर्ड आला, मोठा एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) आला. दिवाळीत दुसरं 960 आलं, तेव्हा नुसत्या दोन कार्डांचेच पैसे एका 970 पेक्षा जास्त झाले होते.

आणि मिळालं काय? दोन्ही कार्डांवर 2-2 जीबी मेमरी. भावोजींच्या हिशेबाने 4. पण एसएलआयमध्ये मेमरीची बेरीज होत नाही, तोच माल दोन्हीकडे भरावा लागतो. टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या पृष्ठभागांचा तपशील, जरा वाढवलं की कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या आफ्टरबर्नरमध्ये दोन्ही कार्डांची मेमरी एकदमच काठोकाठ भरलेली दिसायची.

त्याहून वाईट होतं ते अडखळणं. जीटीए फाइव्हमध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा 60 दाखवायचा आणि तरी वळणावर गाडी झटके खात जायची. कारण ते दोन बैल एका जुवाला नव्हतेच. एक फ्रेम एकाने काढायची, पुढची दुसऱ्याने. एक 8 मिलिसेकंदांत आली आणि पुढची 25 घेऊन आली, तर सरासरी 60 च निघते, पण डोळ्याला ते सुरळीत दिसत नाही. भावोजींना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "सरासरी बघ ना." सरासरी कोण खेळतं?

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर. दोन कार्डांमध्ये जेमतेम बोटभर फट. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढायचे. वरचं ऐंशी अंशांपुढे जायचं आणि आपलाच वेग कमी करायचं. धाकटा कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावून खेळायचा. शिकवण्यांच्या पैशांचं हे झालेलं मला बघवत नव्हतं. पुढच्या वर्षी दोन्ही विकून त्याने एक जीटीएक्स 1070 घेतलं. 8 जीबी, 150 वॉट, टेबलफॅन परत आईच्या खोलीत.

भावोजी अजून म्हणतात, "ती नवी पिढी होती म्हणून, कल्पना चुकीची नव्हती." कल्पना बरोबर असती तर कंपन्यांनी ती सोडली असती का? एएमडीच्या आरएक्स 5700 ला 2019 मध्येच क्रॉसफायर, म्हणजे त्यांचं एसएलआय, नव्हतं. 1 जानेवारी 2021 पासून एनव्हिडियाने एसएलआयची नवी प्रोफाइल, म्हणजे त्या त्या गेमसाठी लागणारी सेटिंग, काढणं बंद केलं. 4090 ला तर जोडपट्टीची जागाच ठेवली नाही. डायरेक्टएक्स 12 मध्ये (डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) कार्डं जोडीने चालवायचं काम गेम बनवणाऱ्यांवर आलं आणि हातावर मोजण्याइतक्यांनीच ते केलं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. तुम्ही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करत असाल तर दुसरं 3060 खरंच कामाचं आहे, त्यातलं रेंडर इंजिन सायकल्स दोन्ही कार्डं वापरतं आणि जोडपट्टी लागत नाही. घरच्या पीसीवर एआयचं भाषा मॉडेल चालवणाऱ्यांनाही 12-12 जीबीचा उपयोग होतो, कारण तिथे मॉडेल दोन कार्डांत वाटून ठेवता येतं. लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर वापरून मधल्या फ्रेम दुसऱ्या कार्डाकडून काढून घेणारेही आहेत, पण त्याने इनपुटला उशीर होतो, आणि मुळात गेम काढणारं कार्ड एकच राहतं. तुम्ही फक्त गेमचं विचारलंत, म्हणून माझं उत्तर बदलत नाही.

3060 विका आणि 16 जीबीचं एक कार्ड बघा. आरटीएक्स 5070 टीआय किंवा आरएक्स 9070 एक्सटी परवडलं तर उत्तम, पण दोन्ही 300 वॉटच्या आसपास खातात, तेव्हा आधी एसएमपीएसवरचा आकडा वाचा. तरीही घरातल्या कोणी दोनचा आग्रह धरलाच, तर त्यांच्याकडे सरासरी मागू नका, फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख मागा.